केटी लागली? आधी फोटोकॉपी मागवा, मग अभ्यासाला बसा

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरचा निकाल लागला की दरवर्षी तेच बघायला मिळतं, बारावीपर्यंत कधी नापास न झालेली पोरं-पोरी एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या सेमच्या मॅथ्समध्ये अडकतात, केटी लागते (विषय राहतो आणि परत द्यावा लागतो) आणि मग आठ-दहा दिवस एकतर ग्रुपवर "पेपरच हार्ड होता" यावर चर्चा चालते नाहीतर दार लावून पडून राहणं चालतं. तेवढ्यात उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीच्या अर्जाची तारीख निघून जाते. मी केटीवाल्यांनाच मॅथ्स शिकवतो, म्हणून अगदी मनापासून सांगतोय की निकालानंतर पहिलं काम अभ्यासाचं नाही. पहिलं काम म्हणजे स्वतःचा पेपर हातात घेऊन मार्क नक्की कुठे गेले ते शोधणं.

बहुतेक जण हे करतच नाहीत. थेट क्लास लावतात, नवीन पुस्तक आणतात आणि पुन्हा पहिल्या चॅप्टरपासून सुरू करतात, म्हणजे जे येत होतं तेच परत वाचतात आणि जिथे अडकले होते तिथे पोहोचेपर्यंत परीक्षा येते.

फोटोकॉपीला निकालानंतर मोजकेच दिवस मिळतात आणि त्याची वेगळी फी असते, त्यामुळे कॉलेजच्या एक्झाम सेलचा नोटीस बोर्ड किंवा युनिव्हर्सिटीची वेबसाईट निकालाच्याच दिवशी बघा. मुंबई विद्यापीठात २०१७ पासून पेपर ऑनस्क्रीन तपासतात, त्यामुळे उत्तरपत्रिका आधीच स्कॅन झालेली असते. ती आली की एकटे बघू नका, ज्याला तो विषय येतो असा एखादा सिनिअर किंवा सर-मॅडम सोबत घ्या. प्रश्नपत्रिका शेजारी ठेवा आणि प्रत्येक गेलेल्या मार्कासमोर पेन्सिलने लिहा: कोरा सोडला, सुरू करून अडकलो, येत होतं पण आकडेमोड चुकली, किंवा बरोबर आहे तरी मार्क नाहीत.

शेवटचा प्रकार निघाला, म्हणजे एखादं पानच तपासलेलं नाही किंवा बेरीज चुकलीये, तर रिव्हॅल, म्हणजे पेपर परत तपासायचा अर्ज टाका. नुसतं "मला जास्त मार्क पडायला हवे होते" असं वाटतंय म्हणून रिव्हॅलच्या भरवशावर दोन महिने बसून राहू नका, फॉर्म टाकला तरी अभ्यास चालूच ठेवायचा.

खरा माल आकडेमोडवाल्या खुणांत असतो. एक उदाहरण देतो. न्यूटन-रॅफसनच्या पद्धतीने एक्स बरोबर कॉस एक्स सोडवा असा प्रश्न आहे. उत्तर साधारण ०.७३९ यायला हवं. पोरगं फॉर्म्युला बरोबर लिहितं, डेरिव्हेटिव्ह बरोबर काढतं, टेबल नीट आखतं आणि उत्तर लिहितं ०.९९९८. कारण काय, कॅल्सी डिग्री मोडवर होता! अशा गणितात अँगल रेडियनमध्येच घ्यायचा असतो. हे पोरगं त्या टॉपिकमध्ये कच्चं नाहीये, त्याला तो चॅप्टर परत वाचायची काहीच गरज नाही, त्याला फक्त गणित सुरू करायच्या आधी डिस्प्लेवर डी आहे की आर आहे ते बघायची सवय लावायचीये.

तसंच मॅट्रिक्समधल्या केली-हॅमिल्टन थिअरमचं. कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशनमध्ये एक साइन चुकली की पुढची दोन पानं वाया जातात, आणि गंमत नाही ही, त्या इक्वेशनमधून लॅम्डाच्या किमती (आयगनव्हॅल्यू) काढल्यावर तपासायला अर्धं मिनिट लागतं: त्यांची बेरीज मॅट्रिक्सच्या डायगोनलच्या बेरजेइतकी यायला पाहिजे आणि गुणाकार डिटरमिनंटइतका. नाही आला तर वरच चूक आहे, तिथेच थांबा. आणि प्रश्नात "व्हेरिफाय" असेल तर मॅट्रिक्स इक्वेशनमध्ये टाकून शून्य मॅट्रिक्स येतंय हे पूर्ण करून दाखवावं लागतं, बरीच पोरं ती स्टेप गाळून सरळ इन्व्हर्स काढायला घेतात आणि मग मार्क कापले म्हणून परीक्षकाला दोष देतात. मराठी मीडियममधून आलेल्यांचं तर हे जास्तच होतं, गणित येत असतं पण प्रश्नात नक्की काय करून दाखवायला सांगितलंय तेच निसटतं. त्यांनी जुने पाच-सहा पेपर घेऊन एकही गणित न सोडवता नुसते प्रश्न वाचावेत आणि प्रत्येकात काय काय दाखवायचंय ते मराठीत वहीत उतरवावं, एका संध्याकाळी होण्यासारखं काम आहे.

"सुरू करून अडकलो" असं जास्त ठिकाणी लिहिलं गेलं असेल तर मूळ मागे आहे. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांचं एम-थ्रीमध्ये, म्हणजे तिसऱ्या सेमच्या मॅथ्समध्ये नेमकं हेच होतं, त्यांना वाटतं लॅप्लास ट्रान्सफॉर्म अवघड आहे, पण पेपर बघितला तर लॅप्लासचा फॉर्म्युला बरोबर असतो आणि गाडी अडलेली असते पार्शल फ्रॅक्शनवर नाहीतर इंटिग्रेशन बाय पार्ट्सवर. मग लॅप्लास बाजूला ठेवा, बारावीचं स्टेट बोर्डाचं मॅथ्सचं पुस्तक काढा आणि आठवडाभर फक्त इंटिग्रेशन करा. यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही, डिप्लोमात ते तेवढं करून घेतलेलंच नसतं.

आणि कोरे प्रश्न जास्त असतील तर सरळ आहे, सिलॅबस झालाच नव्हता. तिथे निवड करावी लागते. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या, २०१९ च्या सी स्कीमचं (अभ्यासक्रमाच्या पॅटर्नचं) उदाहरण घ्या: एम-वनचा पेपर ८० चा, पासिंगला ३२, पहिला प्रश्न कंपल्सरी आणि उरलेल्या पाचातले तीन सोडवायचे. सहा मोड्यूल आहेत. यातले चार पक्के करा, उरलेल्या दोनमधले नेहमी येणारे छोटे प्रश्न करा. नेमके ३२ चे टार्गेट ठेवून अभ्यास करणारे २७-२८ वर अडकतात कारण परीक्षेत काहीतरी चुकतंच, म्हणून तयारी ५० ची हवी. इंटर्नलचे २० वेगळे असतात आणि त्यात ८ वेगळे लागतात, हे कित्येकांना केटी लागल्यावर कळतं! तुमची स्कीम किंवा पॅटर्न दुसरा असेल तर आकडे बदलतील, आपला सिलॅबसचा पीडीएफ उघडून बघा, सिनिअरने सांगितलं म्हणून धरून चालू नका.

प्रॅक्टिसचं म्हणाल तर सोडवलेलं उदाहरण वाचून "हां, कळलं" म्हणणं म्हणजे अभ्यास नाही. वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या पानावर तेच परत करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. रेग्युलर सेमिस्टरचे विषय, सबमिशन, वायवा हे सगळं चालूच असणार त्यामुळे केटीच्या विषयाला रोजचा एक ठरलेला तास द्या, मला सकाळी कॉलेजच्या आधीचा बरा वाटतो कारण रात्री हॉस्टेलवर तो तास हमखास उडतो. पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत) बघू असं ठरवलेल्यांचे नवीन सेमचेही विषय राहतात, हे मी खूप वेळा बघितलंय.

घरी सांगायचं राहिलंय ना? त्याच आठवड्यात सांगा. आई-बाबांना नंतर दुसऱ्याकडून कळलं की मार्कांपेक्षा लपवल्याचं जास्त लागतं. सांगताना पूर्ण माहिती घेऊन बसा, किती विषय राहिले, पुढची परीक्षा कधी, फी किती, वर्ष जातंय की नाही. बहुतेक बापांना केटी आणि वायडी (इयर डाऊन, म्हणजे वर्ष जाणं) यातला फरक माहीत नसतो, त्यांना वाटतं वर्ष गेलं, तेव्हा ते आधी स्पष्ट करा. आणि खरंच इयर डाऊन असेल तरी ते स्पष्टच सांगा. पुढच्या वर्षाला जायला किती विषय चालतात हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं आहे, पण फर्स्ट इयरचा विषय लटकत राहिला तर थर्ड इयरला सहसा अडवतात, म्हणून सगळ्यात जुनी केटी सगळ्यात आधी काढायची.

डोक्यात सारखं "आता सगळं संपलं" असं येत असेल, झोप उडाली असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर अभ्यासाचं प्लॅनिंग आत्ता सोडा आणि १४४१६ ला फोन लावा, ही सरकारची टेलीमानस हेल्पलाईन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रूममेट असा गप्प झाला असेल तर त्याला एकटं ठेवू नका, तुम्हीच त्याच्या शेजारी बसून फोन लावा.

प्लेसमेंटची भीती सगळ्यांना असते. बऱ्याच कंपन्या लाईव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न निघालेली केटी आहे का एवढंच विचारतात, काही कंपन्यांना जुनी निघालेली केटीही चालत नाही, हे खरंय, तिथला दरवाजा बंद. पण एमपीएससीला डिग्री लागते, गेटचा फॉर्म भरताना केटी लागली होती का हे आडवं येत नाही.

एक्झाम फॉर्म बॅकलॉगचा वेगळा भरावा लागतो, तो आपोआप भरला जात नाही, लेट फीची तारीखही गेली तर पुढचे सहा महिने हातातून जातात. पेपरला पहिली दहा मिनिटं नुसतं वाचा, आणि कंपल्सरी प्रश्नात अडकलात तर जागा सोडून पुढे जा, आधी जो पूर्ण येतो तो लिहा. पेपर झाला की त्याच दिवशी प्रश्नपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नासमोर अंदाजे मार्क लिहून ती फाईलला लावून ठेवा. निकाल त्यापेक्षा १०-१५ मार्कांनी खाली आला तर पुन्हा फोटोकॉपी मागवून ताडून बघायला तो कागद कामाला येईल.