ईएक्सईच्या पोटात फाईल ठेवायची आणि वाचायची कशी: सी शार्प, विनफॉर्म्स

एका दूध डेअरीसाठी मी बिलाचं छोटं सॉफ्टवेअर करून दिलं होतं, विनफॉर्म्समध्ये (सी शार्पमध्ये खिडक्या-बटणांचे विंडोज प्रोग्रॅम बनवायची पद्धत). पावतीचा मजकूर एका टेक्स्ट फाईलमध्ये होता आणि ती फाईल ईएक्सईच्या (प्रोग्रॅम ज्यावर क्लिक करून चालवतो त्या फाईलच्या) शेजारी टेम्प्लेट्स नावाच्या फोल्डरमध्ये. बरेच महिने नीट चाललं आणि मग एका सकाळी, दूध घालायला रांग लागलेली असताना फोन आला की पावतीच निघत नाहीये. कुणीतरी कॉम्प्युटर साफ करताना तो फोल्डर बिनकामाचा समजून उडवला होता. लोक कॅन घेऊन उभे आणि मी फोनवर फोल्डर कुठे ठेवायचा ते सांगतोय. तेव्हापासून जी फाईल प्रोग्रॅमचाच भाग आहे आणि वापरणाऱ्याने कधी बदलायची नाही, ती मी एम्बेडेड रिसोर्स म्हणून आतच घालतो.

आधी एक सांगतो, सगळंच आत कोंबू नका. त्याच डेअरीचं फॅट आणि एसएनएफप्रमाणे (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दर लावायचं दरपत्रक मी बाहेरच ठेवलंय, कारण दर बदलतात आणि आतली फाईल चालू प्रोग्रॅममधून बदलता येत नाही, त्यासाठी परत बिल्ड करून, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम नव्याने बनवून, द्यावं लागतं. पावतीचा साचा, लोगो, डेटाबेस पहिल्यांदा तयार करायची एसक्यूएल स्क्रिप्ट, अशा गोष्टी आत.

आता करायचं कसं ते बघू. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये फाईल प्रोजेक्टमध्ये अ‍ॅड करा, सोल्युशन एक्सप्लोररमध्ये तिच्यावर क्लिक करून एफ4 दाबा, प्रॉपर्टीजमध्ये बिल्ड अ‍ॅक्शन दिसेल तिथे एम्बेडेड रिसोर्स निवडा. खाली कॉपी टू आउटपुट डिरेक्टरी असतं त्याला हात लावायची गरज नाही, ते बाहेर ठेवायच्या फाईलींसाठी आहे. डब्ल्यूपीएफवाल्यांनी (विनफॉर्म्ससारखीच दुसरी पद्धत) इथे जरा थांबा, तुमच्या यादीत नुसतं रिसोर्स असाही पर्याय असतो आणि तो वेगळा आहे, तो पॅक यूआरआय नावाचा खास पत्ता देऊन वाचायचा असतो, खाली सांगतोय त्या पद्धतीने तो सापडणार नाही.

असेंब्ली म्हणजे बिल्ड होऊन तयार झालेली ईएक्सई किंवा डीएलएल (ईएक्सईला लागणारी कोडची वेगळी फाईल). वाचायला असेंब्ली क्लासची गेट-मॅनिफेस्ट-रिसोर्स-स्ट्रीम ही मेथड आहे (मी वाचायला सोपं जावं म्हणून हायफन टाकतोय, कोडमध्ये सगळं जोडून लिहायचं). तिला रिसोर्सचं नाव द्यायचं, ती स्ट्रीम (बाइट्सचा प्रवाह) देते, ती स्ट्रीमरीडरला द्यायची, रीड-टू-एंड म्हणायचं, झालं. दोन्हींवर युझिंग लावा म्हणजे काम झालं की आपोआप बंद होतील.

ऐकायला सोपं आहे पण अडकतात सगळे एकाच ठिकाणी, नावात. रिसोर्सचं नाव म्हणजे फाईलचं नाव नाही. प्रोजेक्टची डिफॉल्ट नेमस्पेस (क्लासच्या नावाआधी लागणारं गटाचं नाव), मग फोल्डर, मग फाईलचं नाव एक्स्टेन्शनसकट, आणि मध्ये स्लॅश नाही तर टिंब. म्हणजे नेमस्पेस डेअरीबिल असेल, फोल्डर टेम्प्लेट्स आणि फाईल पावती डॉट टीएक्सटी, तर नाव होतं डेअरीबिल.टेम्प्लेट्स.पावती.टीएक्सटी. इंग्रजी कॅपिटल-स्मॉल अक्षराचा फरकसुद्धा चालत नाही. फोल्डरच्या नावात हायफन असेल तर त्याचा अंडरस्कोर होतो, फोल्डरचं नाव आकड्याने सुरू होत असेल तर त्याच्या सुरुवातीला अंडरस्कोर लागतो, आणि फाईलच्या नावातला हायफन मात्र तसाच राहतो. हे पाठ करू नका, खाली सांगतोय ते करा.

नाव चुकलं तर ही मेथड एरर देत नाही, गुपचूप नल, म्हणजे काहीच नाही, देते. तो नल तुम्ही स्ट्रीमरीडरला दिला की तिथे एरर येतो, व्हॅल्यू कॅनॉट बी नल, पॅरामीटर स्ट्रीम, आणि माणूस स्ट्रीमरीडरच्या ओळीत चूक शोधत बसतो. मूळ चूक तिच्या एक ओळ आधी असते. म्हणून अडलात की पहिलं काम, गेट-मॅनिफेस्ट-रिसोर्स-नेम्स ही मेथड चालवा आणि जी यादी येते ती स्क्रीनवर बघा. तुमची फाईल यादीत आहे तर तिथलं नाव जसंच्या तसं कॉपी करा. यादीतच नाहीये तर बिल्ड अ‍ॅक्शन राहिलंय किंवा तुम्ही चुकीच्या असेंब्लीत बघताय. मी तर आता नल आला की स्वतःच एक्सेप्शन (एरर) टाकतो आणि त्याच्या मेसेजमध्ये ही अख्खी यादी जोडतो. नेमस्पेसची कटकटच नको असेल तर सीएसप्रोज फाईलमध्ये (प्रोजेक्टच्या सेटिंग्जची फाईल) त्या एम्बेडेड रिसोर्सला लॉजिकल-नेम देऊन टाका, मग तुम्ही द्याल तेच नाव.

चुकीची असेंब्ली म्हणजे काय, तर बरेच जण गेट-एक्झिक्युटिंग-असेंब्ली वापरतात आणि सगळं एकाच प्रोजेक्टमध्ये आहे तोवर ते चालतं, पण नंतर वाचायचा कोड उचलून कॉमन डीएलएलमध्ये टाकला की तीच ओळ त्या डीएलएलमध्ये शोधायला लागते आणि फाईल तर मूळ प्रोजेक्टमध्ये राहिलेली. त्यापेक्षा टाइपऑफमध्ये मेनफॉर्मसारखा त्याच प्रोजेक्टमधला क्लास देऊन त्याची असेंब्ली घ्या, कोड कुठेही हलवला तरी फरक पडत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी खास. मी पावती मराठी आणि इंग्रजी दोन्हीत हवी म्हणून फाईलचं नाव पावती.एमआर.टीएक्सटी असं ठेवलं, आणि फाईल यादीतून गायब! कारण एमआर हा मराठीचा भाषा कोड आहे, बिल्ड करताना व्हिज्युअल स्टुडिओला वाटतं ही मराठी भाषांतराची फाईल, मग तो ती मुख्य असेंब्लीत न घालता एमआर नावाच्या फोल्डरमध्ये वेगळ्या रिसोर्सेस डीएलएलमध्ये टाकतो. टिंबाऐवजी अंडरस्कोर द्या, किंवा सीएसप्रोजमध्ये विथ-कल्चर फॉल्स लिहा.

दुसरी गोष्ट एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये कशी लिहायची ते. फाईल यूटीएफ-8 मध्येच सेव्ह करा, स्ट्रीमरीडर मुळात तेच धरून चालतो. आणि स्ट्रीमची लेंग्थ म्हणजे अक्षरं नाहीत, बाइट्स. "दूध" हा शब्द सी शार्पच्या स्ट्रिंगमध्ये 3 लांबीचा, द, दीर्घ ऊकार आणि ध, पण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात म्हणून 9 बाइट, आणि फाईल बीओएमसकट (फाईलच्या सुरुवातीला असणारी एन्कोडिंगची खूण) सेव्ह झाली असेल तर आणखी 3, एकूण 12. स्ट्रीमरीडर तो बीओएम स्वतः काढून टाकतो. पण बाइट अ‍ॅरेत सगळं घेऊन एन्कोडिंगच्या गेट-स्ट्रिंगने वाचलंत तर तो सुरुवातीला न दिसणारं अक्षर म्हणून राहतो, मग जेसनसारखी डेटाची फाईल पार्स होत नाही (प्रोग्रॅमला वाचता येत नाही) आणि डोळ्यांना तर काहीच चुकलेलं दिसत नाही. मजकुराला स्ट्रीमरीडरच वापरा.

चित्राचं गणित वेगळं. स्ट्रीमवरून बिटमॅप केला आणि सवयीने स्ट्रीम बंद केली, तर फोटो दिसेलही, पण पुढे सेव्ह करताना जेनेरिक एरर अकर्ड इन जीडीआय प्लस येऊ शकतो, कारण बिटमॅप जिवंत आहे तोवर स्ट्रीम उघडी लागते. त्या बिटमॅपवरून दुसरा नवीन बिटमॅप बनवून घ्या आणि मग खुशाल बंद करा.

काही लायब्ररींना स्ट्रीम चालत नाही, फाईलचा पाथच लागतो. तिथे स्ट्रीम कॉपी-टूने टेम्प फोल्डरमध्ये उतरवून तो पाथ द्यायचा. पासवर्ड मात्र आत ठेवू नका, आयएलस्पायसारख्या टूलमध्ये असेंब्ली उघडली की रिसोर्सेसखाली सगळं वाचता येतं.

गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी रिकाम्या फोल्डरमध्ये नेऊन चालवून बघा. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये रिसोर्स ईएक्सईतच असतो, पण डॉटनेट कोअर 3 पासून पुढे शेजारी त्याच नावाची डीएलएल असते आणि तुमची फाईल त्या डीएलएलमध्ये असते, ईएक्सई फक्त तिला सुरू करते. नुसती ईएक्सई पेनड्राइव्हवर नेलीत तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. एकच फाईल द्यायची असेल तर पब्लिश करताना सिंगल फाईल निवडा. डेअरीला मी आता तशीच देतो, डेस्कटॉपवर एकच आयकॉन, आणि दरपत्रकाची फाईल डी ड्राइव्हमध्ये वेगळी.