पंचनाम्यानंतरचे दिवस : पीडित-साहाय्याच्या कामात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

समाजकार्याची पदवी घेऊन रायगड-रत्नागिरीत काम करू पाहणारे तरुण मला बहुधा समुपदेशनाविषयी विचारतात. रडणाऱ्या माणसाशी काय बोलावे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मी त्यांना आधी कागद शिकायला सांगते. ज्या घरातले माणूस गेले किंवा मुलीवर अत्याचार झाला, त्या घराला पोलीस ठाणे, रुग्णालय, तहसील आणि न्यायालय अशा प्रत्येक दारात तीच हकीकत पुन्हा सांगावी लागते आणि दर वेळी जखम नव्याने उघडी पडते. हे सांगणे जितके कमी करता येईल तितके करणे, हेच या कामाचे मर्म आहे असे मी मानते.

त्यासाठी कोणत्या दारी काय विचारतात, हे त्या कुटुंबाच्या आधी आपल्याला ठाऊक हवे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असली तरी दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) फिर्याद घ्यावी लागते, तिची प्रत विनामूल्य मिळते, आणि तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत कळवावे लागते. "हद्द आमची नाही" असे ऐकून ठाण्याच्या पायरीवरून परतलेल्या माणसासोबत पुन्हा आत जाताना कलम 173 तोंडपाठ असलेले बरे.

बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, गणवेश न घालता आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, अशी तरतूद आहे. परंतु कोकणातल्या वाडीत पोलिसांची गाडी अंगणात थांबली की साध्या कपड्यांचा काही उपयोग उरत नाही. एका मुलीच्या वेळी आम्ही गाडी एसटीच्या थांब्यावरच ठेवायला सांगितली. अधिकारी बाई पाणंदीतून चालत आल्या, पडवीत न बसता थेट माजघरात गेल्या, आणि गडग्यापलीकडच्या शेजारणींना कोणी पाहुणी आली आहे एवढेच वाटले. अशी व्यवस्था कोणत्याही नियमात लिहिलेली नसते. ती आदल्या दिवशी फोन करून आपणच लावायची असते. अत्याचारपीडित महिला व बालकांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेतील अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) पाठपुरावा करणेही आपलेच काम आहे.

दुर्घटनेतील कुटुंबांचे दुःख वेगळे, विशेषतः मृतदेह न सापडलेल्यांचे. रायगड जिल्ह्यात 2016 साली महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला, 2021 मध्ये तळिये गावावर आणि 2023 मध्ये इरशाळवाडीवर दरड कोसळली. या सर्व ठिकाणी काही माणसे हाती लागलीच नाहीत. एरवी बेपत्ता व्यक्तीला मृत मानण्यासाठी 7 वर्षांचा काळ जावा लागतो. तळिये आणि इरशाळवाडीत शोधकार्य थांबवून बेपत्तांना मृत घोषित करण्यात आले. नैसर्गिक आपत्तीतील मृतांच्या वारसांना मिळणाऱ्या 4 लाख रुपयांसाठी असा निर्णय आवश्यकच असतो, पण आईला तो मुलाची आशा सोडण्याचा हुकूम वाटू शकतो. अशा वेळी अर्जावर सही घेण्याची घाई करू नये. समुद्रात एखाददुसरा खलाशी हरवला तर असा सामूहिक निर्णय होईलच असे नाही. म्हणून बेपत्ता असल्याची पोलीस नोंद, बोट बंदरातून निघाल्याची नोंद आणि मच्छीमार सोसायटीचे पत्र लगेच मिळवून ठेवावे.

आणखी एक गोष्ट कोकणात फार जाणवते. निर्णय बऱ्याचदा मुंबईहून आलेले दीर किंवा काका घेतात, आणि जिचा नवरा गेला ती चुलीपाशी बसून असते. बाराव्या-तेराव्यानंतर ही मंडळी परततात. नुकसानभरपाई कोणाच्या खात्यात जाणार आणि वारस म्हणून कोणाची नावे लागणार, हे तिला एकटीला गाठून सांगावे, आणि शक्यतो ही मंडळी परतण्यापूर्वीच सांगावे.

शिकण्याची सुरुवात पदवीआधीही करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे विधी स्वयंसेवक (लोकांना कायदेशीर मदतीपर्यंत पोहोचवणारे) नेमतात आणि त्यांना प्रशिक्षण देतात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिला, बालके आणि मोठ्या आपत्तीतील पीडित यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि हे वाडीवाडीत सांगणारी माणसे अजूनही कमी आहेत. अलिबाग, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गनगरी यांपैकी जे जवळ असेल तेथील प्राधिकरणात जाऊन स्वयंसेवकांची पुढील निवड कधी आहे याची चौकशी करावी.