राउटरमध्ये लॉगिन आणि अ‍ॅडमिन पासवर्ड: कुठे अडतं, काय करायचं

घरच्या राउटरला दोन पासवर्ड असतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एक वाय-फायचा, जो पाहुण्यांनाही सांगितला जातो. दुसरा अ‍ॅडमिनचा, म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. पहिला बहुतेक जण बदलतात. दुसरा कारखान्यातून आला तसाच राहून जातो. २०१६ साली पसरलेल्या मिराय या मालवेअरने (उपकरणात शिरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) याच आळसावर हात मारला. 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' छापाच्या साठेक ठरावीक जोड्या वापरून त्याने लाखो कॅमेरे, राउटर ताब्यात घेतले.

आधी राउटरचा पत्ता शोधा. तो बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, पण अंदाजाने टाकत बसण्यापेक्षा बघून घेणं सोपं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही कमांड द्या आणि 'डीफॉल्ट गेटवे'समोरचा आकडा घ्या. आयफोनवर वाय-फायच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या नावाशेजारचं 'आय' दाबलं की 'राउटर' या ओळीत तो दिसतो. अँड्रॉइडवर नेटवर्कच्या तपशिलात 'गेटवे' या नावाने सापडतो.

हा आकडा ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये टाका, सर्चच्या चौकटीत नाही. आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करा. तरीही सर्चचेच निकाल आले, तर आधी 'एचटीटीपी://' (http://) लावा. पान उघडतच नसेल तर फोनचा मोबाइल डेटा आणि व्हीपीएन (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय) दोन्ही बंद करून बघा. वाय-फायवर इंटरनेट नसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि तिथून राउटर सापडत नाही. शक्य असेल तर केबल लावून लॅपटॉपवरूनच हे काम करा. काही राउटर, विशेषतः मेश प्रकारचे (घरभर ठेवलेले अनेक डबे मिळून एकच नेटवर्क करणारे), सगळं काम कंपनीच्या अ‍ॅपमधूनच करून घेतात; तिथे त्या अ‍ॅपच्या खात्याचा पासवर्ड हीच चावी.

युजरनेम आणि पासवर्ड बहुतेकदा राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतात. ते चालले नाहीत, तर बहुधा आधी कुणीतरी बदललेले आहेत. अशा वेळी लोक थेट रीसेटच्या भोकात पिन खुपसतात. जरा थांबा. साधारण १० सेकंद दाबून धरलं की राउटर कोरा होतो, आणि इंटरनेट पीपीपीओई पद्धतीचं (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरून जोडलं जाणारं) असेल तर कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं. ते हाताशी नसेल तर पासवर्ड मिळेल, पण नेट जाईल. आधी कंपनीकडून ते मागून घ्या, मगच पिन उचला.

आत शिरल्यावर 'सिस्टिम टूल्स', 'मॅनेजमेंट' किंवा 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' अशा नावाच्या मेनूत अ‍ॅडमिन पासवर्ड सापडतो. वायरलेसच्या पानावरचा पासवर्ड तो नव्हे. नवा पासवर्ड १४ ते १६ अक्षरांचा, वाय-फायपेक्षा पूर्ण वेगळा ठेवा. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि फार तर डॅश, एवढ्यावरच थांबा. काही मॉडेलना विशेष चिन्हं पचत नाहीत. काही तर मर्यादेपुढची अक्षरं न सांगता छाटतात आणि मग तुम्ही टाकलेला पूर्ण पासवर्ड चुकीचा ठरतो. सेव्ह केल्यावर राउटर बाहेर फेकतो, घाबरू नका. लगेच पुन्हा लॉगिन करून खात्री करा आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा कागदावर लिहून कपाटात ठेवा. राउटरलाच चिकटवलात तर मात्र स्टिकर काय वाईट होता?

'वाय-फायचा पासवर्ड भक्कम आहे, आत येणार कोण?' हा प्रश्न हमखास येतो. बाहेरच्याला आत यावंच लागत नाही. घरातला एखादा बाधित फोन किंवा तुमच्याच ब्राउझरमध्ये उघडलेलं खोडसाळ पान कारखान्याचा पासवर्ड वापरून राउटरचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा) बदलू शकतं. मग पत्ता बरोबर टाकूनही खोटी साइट उघडू शकते. म्हणून लॉगिन केलंच आहे, तर डीएनएसची ओळ बघून घ्या. तिथे ओळखीचे नसलेले आकडे हाताने भरलेले दिसले तर ते काढून 'ऑटोमॅटिक' ठेवा.

'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याची सोय, बंद करा. डब्ल्यूपीएसचा (पासवर्ड न टाकता वाय-फाय जोडण्याच्या सोयीचा) पिनही बंद करा: तो ८ अंकी दिसतो, पण राउटर त्याचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरूनच ठरतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत फुटतो. फर्मवेअरचं (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट असेल तर करून घ्या. मध्येच वीज गेली तर राउटर निकामी होऊ शकतो, तेवढं सांभाळा. वाय-फायचाही पासवर्ड बदलायचा असेल तर तो सगळ्यात शेवटी, कारण त्या क्षणी घरातली सगळी उपकरणं वाय-फायपासून तुटतात.

घरात इंटरनेट कंपनीचा एक आणि तुमचा विकत घेतलेला एक असे दोन डबे असतील, तर हे सगळं दोन्हीकडे करा. कंपनीच्या डब्याचा पत्ता बहुधा वेगळा असतो. त्याला थेट केबल लावून गेटवे पुन्हा बघा.