ॲनिमेतलं रेल्वे फाटक गाठायचं तर

'स्लॅम डंक' या ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेच्या, सुरुवातीच्या गाण्यात दिसणारं रेल्वे फाटक खरोखर आहे. टोकियोच्या दक्षिणेला, कामाकुरात, समुद्राला खेटून. ॲनिमेत दिसलेल्या जागा बघत फिरण्याला जपानीत 'सेइची जुनरेई' म्हणतात, म्हणजे पवित्र स्थळांची यात्रा. शिकोकू बेटावर ८८ देवळांची जुनी यात्रा आहे. तिच्या धर्तीवर ८८ ॲनिमे-स्थळांची यादीही जपानमधल्या एका संस्थेने केली आहे. पण दोन दिवसांत अष्टविनायक उरकतात तसं करायला जाऊ नका. पहिल्या खेपेला तीन जागा पुरेत.

सुरुवात घरूनच करायची. हवं ते दृश्य थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूवर तोच कोपरा शोधा. खांब कुठल्या बाजूला आहे, रस्ता कुठे वळतो, हे जुळलं की आपण कुठे उभं राहायचं ते कळतं. चित्रकार रस्ता रुंद करतात, तारा गाळतात, तेव्हा तंतोतंत जुळेल असं धरून चालू नका. काही जागा तर मुळातच नाहीत. 'युअर नेम'मधलं (२०१६) इतोमोरी गाव काल्पनिक आहे, ते शोधण्यात दिवस घालवू नका. त्याच चित्रपटातलं हिदा-फुरुकावा स्टेशन मात्र खरं आहे आणि फुरुकावा गावचं ग्रंथालयही. ग्रंथालयात फोटो काढायचे असतील तर आधी काउंटरवर विचारा.

आता फाटक. टोकियोहून रेल्वेने फुजिसावाला या, साधारण तासाभराचा प्रवास. तिथे एनोदेन ही छोटी, हिरव्या-पिवळट डब्यांची गाडी पकडा. सुइका हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड चालतं. उतरायचं ते 'कामाकुरा-कोको-माए'ला. नावाचा अर्थ 'कामाकुरा हायस्कूलसमोर', आणि शाळा खरंच तिथे वर टेकाडावर आहे. फलाटावरूनच समुद्र दिसतो, त्यामुळे बरेच जण तिथेच रेंगाळतात. रुळांच्या कडेने कामाकुराच्या दिशेला दोनेक मिनिटं चाललात की फाटक.

चढाच्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं. गाडी आडवी जाते आणि तिच्या मागे पाणी असतं, तीच ती चौकट. पण तोंड दक्षिणेकडे असतं, म्हणजे भर दुपारी ऊन थेट कॅमेऱ्यात. मी पहिल्यांदा बारा वाजता पोचलो आणि माझ्या फोटोत गाडी म्हणजे नुसता काळा ठोकळा आला. सकाळी लवकर जा, गर्दीही कमी असते. रूळमार्ग एकच असला तरी दोन्ही दिशांच्या गाड्या येतात, साधारण दर चौदा मिनिटांनी. एक चुकली म्हणून सातची लोकल सुटल्यासारखं पळायचं कारण नाही.

पळू नका, हे दुसऱ्या कारणासाठीही. तो रस्ता वाहता आहे. गाडीच्या फोटोसाठी लोक मोटारींसमोर उभे राहू लागले, म्हणून तिथे गर्दी आवरायला माणसं नेमावी लागली. फुटपाथ सोडू नका, कुणाच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये शिरू नका, शाळेच्या मुलांचे फोटो काढू नका. कचऱ्याची पेटी सहसा सापडत नाही. सोबत एक पिशवी ठेवा आणि कचरा परत न्या.

दुसऱ्या दिवशी टोकियोतच राहा. 'युअर नेम'च्या शेवटी दिसणाऱ्या पायऱ्या सुगा देवळाजवळ आहेत. योत्सुया-सांचोमे स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. लाल कठडा दिसला की ओळख पटते. पण दोन्ही बाजूंना घरं आहेत, तिथे आवाज खालीच ठेवायचा. देवळात जाऊन लाकडी 'एमा' पाट्या बघा. लोक त्यांवर नवस लिहितात, चाहते चित्रंही काढतात.

तिथून मारुनोउची लाइनने एकच स्टेशन पुढे गेलं की शिंजुकू ग्योएन. 'द गार्डन ऑफ वर्ड्स'मधली (२०१३) बाग ही. जपानी बागेतला तो मंडप पावसात जास्त छान दिसतो, तेव्हा पाऊस लागला तर बेत रद्द करू नका, छत्री घ्या. चित्रपटातली बाई तिथे बसून बिअर पिते. प्रत्यक्षात बागेत दारूला बंदी आहे, आणि सोमवारी बाग सहसा बंद असते.