व्हॅलिबॉट वापरताना या चुका टाळा

तालुक्याच्या गावी बसून जिनिंग, कृषी सेवा केंद्र, पतसंस्था यांच्या फॉर्मची कामं करतो. दुसऱ्यानं अर्धवट सोडलेला कोड बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतो आणि त्यात चुका त्याच त्या. व्हॅलिबॉटचा दोष नाही. फॉर्ममध्ये भरलेली माहिती नियमात बसते का ते तपासणारी, २०२३ साली आलेली ही जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोडचा संच) आपण वापरू तेवढाच भाग बंडलमध्ये, म्हणजे ब्राउझरकडे जाणाऱ्या फाइलमध्ये घेते, सुरुवात ७०० बाइटच्या आतली. मोबाइलला रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं अशा गावात त्याची किंमत कळते.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे रिकाम्या रकान्याचा शून्य होऊ देणं. फॉर्ममधून सगळं स्ट्रिंग म्हणून, म्हणजे मजकूर म्हणून येतं, म्हणून पोरं पाइपमध्ये (एकामागून एक चालणाऱ्या नियमांच्या साखळीत) स्ट्रिंग, मग ट्रान्सफॉर्मनं (रूपांतरानं) नंबर, असं लिहून मोकळी होतात. जावास्क्रिप्ट मात्र रिकाम्या स्ट्रिंगचा नंबर ० करतं. नुसत्या स्पेस असल्या तरी ०.

एका जिनिंगच्या कापूस खरेदीच्या फॉर्मात ओलाव्याचा रकाना असाच होता. किमान ०, कमाल १२. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा धरून भाव असतो, त्यावर कपात, १२ च्या वर कापूस घेत नाहीत. तोच हिशेब इथं लावलेला. गर्दीत काट्यावरचा पोरगा 'ओलावा मागून भरू' म्हणून रकाना सोडून पुढं जायचा. फॉर्म बिनतक्रार सेव्ह व्हायचा, पट्टीवर ओलावा ०, कपात काहीच नाही. संध्याकाळी दिवाणजी पट्ट्या चाळायला बसले अन् म्हणाले, "बाप्पा, इतका वाळेल कापूस त म्या जिंदगीत नाई पायला!" तोवर बऱ्याच जणांचे पैसे खात्यात गेलेले. कोड लिहिणाऱ्याचं उत्तर काय, तर 'स्कीमा (नियमांचा आराखडा) पास होत होता ना.'

माझी सवय सांगतो. आधी ट्रिम (कडेच्या स्पेस काढणं), मग नॉनएम्प्टी (रिकामं चालणार नाही), मग आकड्याचा पॅटर्न, त्यानंतरच ट्रान्सफॉर्म, शेवटी नंबर आणि हद्दी. पाइप वरून खाली चालतो. नॉनएम्प्टी ट्रिमच्या आधी टाकलं तर स्पेस बिनधास्त आत येतात. आणि जिथं ० खरोखर येऊच शकत नाही तिथं किमान ० ठेवत नाही.

दुसरं दुखणं मराठी कीबोर्डचं. शेतकरी '१२' लिहितो, जावास्क्रिप्टला त्यात आकडा दिसतच नाही. रेजेक्समधला (मजकुराचा पॅटर्न लिहिण्याच्या पद्धतीतला) आकड्याचा शॉर्टकट फक्त इंग्रजी अंक ओळखतो. समोर येतो इंग्रजी एरर, माणूस फॉर्म बंद करून सरळ दुकानात येतो. म्हणून ट्रिमनंतर लगेच ० ते ९ हे देवनागरी अंक बदलून घ्यावेत: कॅरॅक्टर कोडमधून (अक्षराच्या संगणकातल्या क्रमांकातून) २४०६ वजा केले की अंक हातात.

नावांचंही तसंच. 'फक्त अक्षरं' म्हणून युनिकोडचा अक्षरांचा वर्ग लावला की 'कमल' पास होते आणि 'शांताबाई' नापास, कारण काना, वेलांटी, अनुस्वार चिन्हांच्या वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग घ्या. खरं तर नावाला पॅटर्न लावण्याची एवढी हौस कशाला, तेच मला कळत नाही.

गट नंबर हा नंबर नाही. '४५/२अ' स्ट्रिंगच राहू द्या.

ऑप्शनलला, म्हणजे नसला तरी चालणाऱ्या रकान्याला, नल ('काहीच नाही' अशी खूण) चालत नाही. डेटाबेसमधून नल येणार असेल तर नलिश घ्या, त्याला दोन्ही चालतं.

साधा ऑब्जेक्ट (रकान्यांचा गट) स्कीमात नसलेल्या नावाचे रकाने गुपचूप गाळतो. ऑप्शनल रकान्याच्या नावात स्पेलिंग चुकलं तर माहिती गेली, पत्ताही लागत नाही. मी स्ट्रिक्टऑब्जेक्टच वापरतो, तो अशा वेळी एरर देतो.

तपासणी चालवणारं 'पार्स' हे फंक्शन चूक सापडली की एरर फेकतं. फॉर्मसाठी सेफपार्स घ्या, ते एरर न फेकता निकाल हातात देतं.

जुने व्हिडिओ बघून कोड उतरवू नका. पाइप ०.३१ आवृत्तीत आला, त्याआधीची लिहिण्याची पद्धत वेगळी होती. डॉक्युमेंटेशन वाचायला अर्धा तास नाही म्हणणारे नंतर त्याच एररवर अख्खी दुपार घालवतात.

ब्राउझरमध्ये तपासलं म्हणून सर्व्हरवर सोडू नका, स्कीमाची फाइल दोन्हीकडे तीच चालते. आणि प्रत्येक नियमाला मराठी मेसेज द्या: 'ओलावा भरा, मशीनवर दिसतो तेवढाच.'