मुरलेले आणि होतकरू : बेसबॉल संघाची यादी सांभाळताना या चुका टाळा

मेजर लीग बेसबॉलमधील एखाद्या संघाचा हंगाम फसला की पहिला दोष पारखीला दिला जातो. अमका ज्येष्ठ फलंदाज संपला आहे हे व्यवस्थापनाला कळले नाही, तमका तरुण पिचर (चेंडू फेकणारा) अजून कच्चा आहे हे दिसले नाही, अशी टीका होते. मात्र पारख चुकल्यामुळे जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान वेळ चुकल्यामुळे होते, असे माझे मत आहे. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक न दिसणारी तारीख लिहिलेली असते आणि ती उलटली की त्याच्याविषयीचा निर्णय संघाच्या हातून निसटून नियमाच्या, प्रतिस्पर्धी संघाच्या किंवा खुद्द खेळाडूच्या हाती जातो. मुरलेल्या खेळाडूची तारीख वेगळी आणि होतकरू खेळाडूची वेगळी. जागा मात्र दोघांना एकाच यादीत शोधायची असते. संगणकावरील व्यवस्थापन-खेळात हौसेने संघ चालवणारे आणि प्रत्यक्षातील जनरल मॅनेजर एकाच प्रकारच्या खड्ड्यांत पडतात, ते याच कारणामुळे.

खाली-वर करण्याची मुभा अमर्याद समजणे

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाची पहिली गफलत येथे होते. भारतीय संघातून वगळलेला खेळाडू रणजी सामने खेळू लागतो आणि निवड समितीला वाटेल तेव्हा परत येतो. त्याला कितीदा आत-बाहेर केले याची मोजदाद कोणताही नियम ठेवत नाही. बेसबॉलमध्ये ती काटेकोर ठेवली जाते. संघाची मूळ यादी ४० जणांची असते. त्यातील २६ जण एरवी प्रत्यक्ष सामन्यांसाठी उपलब्ध असतात, सप्टेंबरमध्ये ही संख्या २८ होते, आणि पिचरांची मर्यादा एरवी १३, तर सप्टेंबरमध्ये १४ असते. चाळिसांत नाव असलेल्या खेळाडूला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीच्या स्पर्धेत, पाठवण्यासाठी ‘ऑप्शन’ वापरावा लागतो आणि असे ऑप्शन साधारणपणे तीन हंगाम पुरतात. एका हंगामात तो २० दिवसांपेक्षा कमी काळ खाली राहिला, तर त्या वर्षाचा ऑप्शन खर्ची पडत नाही. मात्र २०२२ पासून एका हंगामात एकाच खेळाडूला पाचपेक्षा अधिक वेळा असे खाली धाडता येत नाही.

तीन हंगामांचे ऑप्शन संपले की त्या खेळाडूला खाली पाठवण्यापूर्वी वेव्हरवर ठेवावे लागते, म्हणजेच इतर सर्व संघांना त्याच्यावर हक्क सांगण्याची संधी द्यावी लागते. म्हणून एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचे नाव उत्साहाच्या भरात लवकर चाळिसांत घालणे महागात पडते. त्याचे ऑप्शन तो शिकत असतानाच संपतात आणि तेविसाव्या वर्षी, खेळ जेमतेम आकार घेत असताना, त्याला सव्विसांत ठेवा किंवा गमवा असा पेच उभा राहतो. यावर उपाय कंटाळवाणा असला तरी एकच आहे. प्रत्येक नावापुढे शिल्लक ऑप्शन लिहून ठेवावेत आणि दोन होतकरू गुणवत्तेत तोडीस तोड असतील, तर ज्याचे ऑप्शन संपले आहेत त्याला आधी संधी द्यावी. दुसरा ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीवर, थांबू शकतो.

पहिल्या दोन आठवड्यांवरून भविष्य ठरवणे

बॉल्टिमोर ओरिओल्सने २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सर्वांत आधी निवडलेला जॅक्सन हॉलिडे १० एप्रिल २०२४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये उतरला. दहा सामन्यांत ३४ वेळा फलंदाजी करून त्याला दोनच हिट (बेस गाठून देणारे फटके) मिळाले, १८ वेळा तो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला आणि महिना संपण्यापूर्वीच त्याची रवानगी ट्रिपल-एमध्ये झाली. एवढ्या गाजावाजानंतर त्याला परत पाठवणे अनेकांना नामुष्की वाटली. मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो. संघ विजेतेपदाच्या शर्यतीत होता, मुलगा वेगवान चेंडूला उशीर करत होता आणि खाली त्याला रोज खेळायला मिळणार होते. ३१ जुलैला तो परतला, तेव्हा त्याचा पहिलाच होम रन (मैदानाबाहेरचा फटका) ग्रँड स्लॅम, म्हणजे चार धावांचा, ठरला.

उलट उदाहरण ॲरन जजचे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये यांकीजने त्याला वर आणले आणि २७ सामन्यांत तो ४२ वेळा स्ट्राइकआउट झाला. आकडे भीतीदायक असले, तरी संघाने त्या वर्षी विजेतेपदाचा नाद सोडलेला असल्यामुळे त्याच्या अपयशाची किंमत फारशी नव्हती. पुढच्या वर्षी त्याने ५२ होम रन ठोकले, जो त्या वेळी नवोदित खेळाडूचा विक्रम होता. एकाला परत पाठवणे आणि दुसऱ्याला ठेवणे हे दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात, कारण होतकरूच्या चुका पचवण्याची त्या हंगामातील संघाची ताकद त्यात मोजलेली असते. माईक ट्राउटनेही २०११ मध्ये ४० सामन्यांत केवळ .२२० च्या सरासरीने (हजार संधींमागे २२० हिट) फलंदाजी केली होती, आणि पुढच्याच वर्षी तो एकमताने सर्वोत्तम नवोदित ठरला, हे येथे आठवलेले बरे.

होतकरूला बाकावर बसवून ‘अनुभव देणे’ हा प्रकार मात्र कोणत्याही संघाला परवडत नाही. आठवड्यातून दोनदा बॅट हातात घेणारा वीस वर्षांचा मुलगा त्या बाकावरून काही शिकत नाही. ती जागा मुरलेल्या खेळाडूची आहे.

एका दिवसाचा हिशेब आणि त्याची किंमत

मेजर लीगमधील सेवेचे १७२ दिवस म्हणजे एक पूर्ण वर्ष. साधारण तीन वर्षांनी खेळाडूला वेतनासाठी लवादाकडे जाता येते, तर सहा वर्षांनी तो मुक्त होतो, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करू शकतो. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला सराव सामन्यांत नऊ होम रन मारूनही हंगामाच्या प्रारंभी खालीच ठेवले आणि १७ एप्रिलला वर आणले. परिणामी त्याचे १७१ दिवस भरले. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आणि पुढच्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, परंतु त्या एका दिवसामुळे त्याची मुक्तता २०२० ऐवजी २०२१ नंतर झाली. त्याने केलेली तक्रार २०२० च्या सुरुवातीस फेटाळली गेली.

कागदावर कब्ज जिंकले. आज हाच डाव जसाच्या तसा खेळणे ही चूक ठरेल, कारण लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील २०२२ च्या करारानंतर गणित बदलले आहे. नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्या पात्र खेळाडूला, तो कितीही उशिरा आला असला, तरी पूर्ण वर्षाची सेवा मिळते. ॲडली रचमन २१ मे २०२२ रोजी पदार्पण करूनही मतदानात दुसरा आला आणि त्याला ते वर्ष मिळाले. दुसऱ्या बाजूने पाहता, सिॲटल मरिनर्सने हुलियो रॉड्रिगेझला त्याच हंगामात पहिल्या दिवसापासून खेळवले, तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि संघाला २०२३ च्या ड्राफ्टमध्ये एक जादा निवड बक्षीस मिळाली. म्हणून मुलगा खरोखर तयार असेल, तर त्याला दोन आठवडे दडवून ठेवण्यापूर्वी हा नवा हिशेब मांडून पाहावा. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो, हेही विसरू नये.

मागच्या पराक्रमाचे वेतन पुढे देणे

मुरलेल्या खेळाडूंच्या बाबतीतली सर्वांत खर्चिक चूक बहुधा कृतज्ञतेपोटी होते. फिलाडेल्फिया फिलीजने २००८ मध्ये वर्ल्ड सीरिज (विजेतेपदाची अंतिम मालिका) जिंकली. एप्रिल २०१० मध्ये, जुना करार २०११ अखेरपर्यंत चालणार असतानाच, त्यांनी रायन हॉवर्डशी पाच वर्षांचा १२.५ कोटी डॉलरचा वाढीव करार केला. घाई करण्याचे काहीच कारण नव्हते. २०११ मध्ये संघाने १०२ सामने जिंकले आणि बाद फेरीत त्या हंगामाच्या अखेरच्या चेंडूवर धावताना हॉवर्डच्या टाचेमागची शीर तुटली. वाढीव करार सुरू होण्यापूर्वीच तो ज्या शरीरासाठी केला होता, ते शरीर उरले नव्हते. दुखापतीचा दोष कोणाचाही नाही; दोष आहे तो जवळजवळ दोन हंगाम हातात असताना निर्णय घेऊन टाकण्याचा. त्यानंतर जिमी रोलिन्स, कोल हॅमल्स आणि चेस अटली यांना संघाने सोडले ते २०१४ च्या डिसेंबरपासून पुढे, आणि २०१५ मध्ये ९९ सामने गमावले. येथे तारखा दोन्ही बाजूंनी चुकल्या: करार फार लवकर झाला आणि निरोप फार उशिरा.

निरोपाला उशीर होण्यामागे एक नियमही असतो. दहा वर्षे मेजर लीगमध्ये आणि त्यांतील शेवटची सलग पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला कोणत्याही अदलाबदलीला नकार देण्याचा हक्क मिळतो. ती पाच वर्षे भरण्यापूर्वीच्या हिवाळ्यात त्याला विकायचे की आयुष्यभर ठेवायचे, हे ठरवून टाकावे. नंतर विचारणे म्हणजे त्याची परवानगी मागणे. पाच वर्षांची सेवा झालेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय मायनर लीगमध्येही पाठवता येत नाही, त्यामुळे ज्येष्ठ खेळाडूची लय बिघडली तर त्याला खाली पाठवून सावरण्याचा मार्ग बहुधा बंदच असतो.

मग लय बिघडलेल्या मुरलेल्या फलंदाजाचे करायचे काय? आल्बर्ट पुहोल्सच्या कारकिर्दीत चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसतात. एंजल्सने २०११ च्या डिसेंबरमध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा तो बत्तिशीच्या उंबरठ्यावर होता. त्या करारातील हंगामांपैकी केवळ २०१४ मध्ये तो संघ बाद फेरीत पोहोचला. मे २०२१ मध्ये, पहिल्या बेसवर जॅरेड वॉल्श आणि डेझिग्नेटेड हिटर (क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणारा) म्हणून शोहेई ओहतानी असताना, पुहोल्सला खेळवायला जागाच उरली नाही आणि त्याला यादीतून काढण्यात आले. हाच पुहोल्स २०२२ मध्ये सेंट लुईसला परतला तो मर्यादित काम घेऊन, विशेषतः डावखुऱ्या पिचरांचा समाचार घेण्यासाठी, आणि २४ होम रन मारून कारकिर्दीच्या एकूण ७०३ वर थांबला. रोज सर्वांसमोर अपयशी ठरणारा ज्येष्ठ फलंदाज निवडक पिचरांसमोर उपयुक्त असू शकतो. म्हणून त्याची एकूण सरासरी पाहून निकाल देण्याआधी डाव्या आणि उजव्या हाताच्या पिचरांसमोरचे आकडे वेगळे करून पाहावेत आणि त्याची भूमिका आकसून घ्यावी. हे त्याला कोण सांगणार, हाच अवघड भाग आहे. हे काम मॅनेजरने, म्हणजे मैदानावर संघ चालवणाऱ्या प्रशिक्षकाने, समोरासमोर बसून करावे; सामन्याच्या यादीत नाव न दिसल्यावर खेळाडूला ते कळू नये.

या उलटची चूकही होते. ह्यूस्टनने जे. डी. मार्टिनेझला मार्च २०१४ मध्ये सोडून दिले. त्याने त्या हिवाळ्यात आपली बॅट फिरवण्याची पद्धत मुळापासून बदलली होती, पण सराव सामन्यांत ती दाखवण्याची पुरेशी संधी त्याला मिळाली नाही. डेट्रॉइटने त्याला घेतले आणि त्याच वर्षी तो .३१५ च्या सरासरीने खेळला. खेळाडू काही बदलून आला असेल, तर जुने आकडे त्याच्याविषयी फार थोडे सांगतात.

भविष्य विकण्याचा सौदा

ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने ३६ वर्षांच्या डॉयल अलेक्झांडरसाठी अटलांटाला वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. अलेक्झांडरने नऊ सामने जिंकले आणि एकही हरला नाही, टायगर्सने आपला विभाग जिंकला, आणि स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. हा सौदा मूर्खपणाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, ते मला पटत नाही. विभाग अवघ्या दोन सामन्यांच्या फरकाने जिंकला गेला होता. कब्जनेही २०१६ मध्ये काही महिन्यांच्या आरोल्डिस चॅपमनसाठी ग्लेबर टोरेस दिला आणि १०८ वर्षांनंतर वर्ल्ड सीरिज जिंकली. चूक तेव्हा होते, जेव्हा बाद फेरीपासून सहा-सात सामने दूर असलेला संघ दोन महिन्यांच्या भाडोत्री खेळाडूसाठी होतकरू देऊन टाकतो आणि शेवटी दोन्हींना मुकतो.

नोव्हेंबरमध्ये चाळिसांत जागा नाही

सर्वाधिक गोंधळ हंगाम संपल्यावर होतो. ६० दिवसांच्या दुखापत यादीतील खेळाडू चाळिसांत मोजले जात नाहीत, म्हणून उन्हाळ्यात यादी ऐसपैस वाटते. वर्ल्ड सीरिजनंतर पाचच दिवसांत त्या सर्वांना परत मोजावे लागते आणि त्याच महिन्यात रूल ५ ड्राफ्टसाठी (इतर संघांचे चाळिसांत नसलेले खेळाडू नेण्याची निवड) कोणाला संरक्षण द्यायचे, म्हणजे चाळिसांत घ्यायचे, हेही ठरवावे लागते. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध झालेल्यांसाठी पाच, तर इतरांसाठी चार हंगामांनंतर हे संरक्षण लागते. उघड्यावर राहिलेल्या खेळाडूला दुसरा संघ १ लाख डॉलर देऊन नेऊ शकतो, मात्र त्याला पुढचा पूर्ण हंगाम मेजर लीगच्या यादीत ठेवावे लागते, अन्यथा मूळ संघाला परत देऊ करावे लागते.

इतक्या कच्च्या मुलाला कोण वर्षभर सांभाळणार, या भरवशावर ह्यूस्टनने १९९९ मध्ये योहान सांतानाला उघडे ठेवले आणि तो मिनेसोटात दोनदा सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराचा मानकरी झाला. गॅरेट व्हिटलॉक कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता आणि २०२० मध्ये मायनर लीग बंद असल्यामुळे तो खेळलाही नव्हता; यांकीजने त्याला उघडे ठेवले, बॉस्टनने नेले आणि २०२१ मध्ये त्याने १.९६ च्या सरासरीने (नऊ डावांमागे दिलेल्या धावा) पिचिंग केले. रिलीफ पिचरला (सामना सुरू असताना बदली येणाऱ्याला) लांबच्या यादीत लपवणे सोपे असते, म्हणून कच्चा कॅचर (क्रिकेटमधील यष्टिरक्षकासारखा) आणि बऱ्यापैकी तयार पिचर यांपैकी एकालाच वाचवणे शक्य असेल, तर पिचर वाचवावा. कच्च्या कॅचरला वर्षभर बाकावर ठेवायला फारसे कोणी धजत नाही.

यादी भरलेलीच असेल, तर दोन मार्ग उरतात. पहिला मार्ग संरक्षणाची मुदत संपण्यापूर्वीच वापरायचा असतो: संरक्षणाच्या उंबरठ्यावरचे दोन होतकरू देऊन त्या बदल्यात अजून दोन वर्षे संरक्षण न लागणारा एक घ्यावा. दुसरा मार्ग म्हणजे चाळिसांतील शेवटच्या नावाला डेझिग्नेट करणे, म्हणजे यादीतून बाजूला काढणे. असे केल्यावर जागा त्याच क्षणी मोकळी होते आणि त्याचे पुढे काय करायचे हे ठरवायला सात दिवस मिळतात. त्या यादीच्या तळाशी पस्तिशीतला राखीव फलंदाज आणि चोविशीतला तिसऱ्या दर्जाचा पिचर असेल, तर बहुतेक संघ सवयीने तरुणाला ठेवतात. त्या पिचरचे ऑप्शन संपलेले असतील, तर मार्चअखेर त्यालाही याच दाराने जावे लागणार असते, आणि तोपर्यंत राखीव फलंदाज दुसरीकडे करारबद्ध झालेला असतो.