पडलेल्या पेशंटच्या डोक्याला प्रोब लावायच्या आधी

डोक्यातला रक्तस्राव प्रकाशाने शोधायचं ते हातात मावणारं मशीन ज्यांच्या छोट्या दवाखान्यात किंवा अँब्युलन्समधे येतंय त्यांनी तयारी आधीच करून ठेवा, बाथरूममधे पडलेली आजी समोर आल्यावर मॅन्युअल उघडत बसू नका. चार्जिंग आणि प्रोबचे (डोक्याला टेकवायच्या भागाचे) डिस्पोजेबल भाग दर ड्युटी बदलताना बघायचे, हे झालं सोपं.

खरी तयारी म्हणजे मशीन काय करतं ते सगळ्या स्टाफला कळलेलं असणं. डोळ्याला न दिसणारा प्रकाश कवटीतून आत जातो, साकळलेल्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त म्हणून तिथे जास्त शोषला जातो, आणि मशीन डावी-उजवी बाजू ताडून बघतं, कपाळ, कानशील, टाळूच्या बाजू आणि मागचा भाग अशा जोड्या धरून. त्यामुळे दोन्हीकडे सारखाच रक्तस्राव असला तर चुकू शकतं आणि खोलवरचा दिसत नाही. अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) २०११ मधे मान्यता दिलेलं इन्फ्रास्कॅनर नावाचं असंच मशीनसुद्धा ३.५ मिलीपेक्षा जास्त आणि मेंदूच्या पृष्ठभागापासून २.५ सेंमीच्या आतलं रक्त शोधण्यापुरतंच आहे.

आता केस. आपल्याकडच्या बायकांचे दाट काळे केस, वर अंबाडा, प्रकाश तिथेच अडतो, म्हणून कंगवा मशीनच्या पेटीतच ठेवा आणि भांग पाडून प्रोब कातडीला टेकवा. टेंगूळ आलं असेल तर तिथलं रीडिंग धरू नका, कातडीखालचं रक्तही प्रकाश शोषतं. मानेला मार असेल तर मागचा भाग घ्यायला मान वळवायची नाही म्हणजे नाही.

श्वास, बीपी, शुगर, डोळ्यांच्या बाहुल्या, पेशंट शुद्धीवर आहे का हे आधी, स्कॅन नंतर. नातेवाईकांना गोळ्यांची पिशवीच आणायला सांगा, रक्त पातळ करायची गोळी कोणती आणि शेवटची कधी घेतली हे लिहून घ्या, विचारलं तर "बीपीची आहे" एवढंच सांगतात बऱ्याचदा.

आणि कृपा करून, रीडिंग नॉर्मल आलं म्हणून घरी पाठवू नका. उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सीटीला पाठवायचंच, म्हातारपणी मेंदूच्या आवरणाखालचं रक्त हळूहळू साठून कधीकधी काही आठवड्यांनी त्रास देतं, हे घरच्यांना नीट समजावून सांगा. जवळचं चोवीस तास चालू सीटी कुठे आणि न्यूरोसर्जन कुठे याचे फोन नंबर भिंतीवर लावा. रीडिंगमधे रक्तस्रावाची शंका आली तर परत परत स्कॅन न करता आधी १०८ ला फोन, आणि रेफरल चिठ्ठीवर पडल्याची वेळ अन् स्कॅनची वेळ दोन्ही लिहा.